तळाला बसलेलं शिसं

मी एक बुश बोलतोय. खरं तर अर्धाच. माझे उभे दोन भाग झाले आहेत आणि दुसरा भाग एका इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. पूर्ण होतो तेव्हा मी गप्प राहिलो. आता बोलतोय, कारण माझ्यामुळे एका सरळ माणसाला खोटं पाडलं गेलं आणि ते मला सहन होत नाही.

बुश म्हणजे फिरत्या दांड्याखाली बसवलेली धातूची जाड नळी. दांडा फिरतो, आम्ही जागच्या जागी त्याचा भार सोसतो. सगळं सुरळीत चाललं तर आमची कोणाला आठवणही होत नाही. बिघडलं की मात्र आधी तेलवाल्याचं नाव निघतं.

माझा जन्म मलकापूरचा. रेल्वे फाटकाच्या अलीकडे किसनरावांचं ओतकामाचं लहानसं शेड आहे. एक भट्टी, वाळूचा ढीग आणि कोळशाची पोती, एवढाच पसारा. गेली तीस वर्षं आसपासच्या जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांचे, बुश तेच ओततात. हात मोठा चोख. माझ्यात तांबं आहे, थोडं कथील आहे आणि शिसं आहे. शिसं मऊ असतं. कधी तेल कमी पडलं तर तेच वंगणासारखं दांड्याला लागतं आणि वेळ निभावून नेतं.

पण शिशाची एक खोड आहे. ते तांब्याशी कधी एकजीव होत नाही. रस गार होऊ लागला की तांबं आधी गोठतं. त्याला बारीक बारीक फांद्या फुटत जातात. शिसं मात्र शेवटपर्यंत पातळ राहतं आणि त्या फांद्यांमधून वाट काढत खाली सरकतं. जड असतं ना, जमीन त्याला जास्त ओढते. म्हणून ओतण्याआधी रस सळीने खूप ढवळावा लागतो, आणि लगेच लोखंडी साच्यात ओतावा लागतो. लोखंडात तो झटकन गोठतो आणि शिसं जिथल्या तिथे अडकून राहतं. किसनरावांना हे कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. त्यांच्या हातालाच ते ठाऊक होतं.

मी जन्मलो तो दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नसतो. किसनरावांच्या शेडमध्ये हा नेम कधी मोडला नव्हता. त्या वर्षी मात्र एका जिनिंगच्या मालकाचा निरोप आला. दसऱ्याला मशीन सुरू करायची आहे, बुश आजच पाहिजे. किसनराव म्हणाले, पहाटेच भट्टी लावतो, पूजेच्या आधी मोकळा होतो.

कोळसा ओला निघाला. भट्टी धरेचना. रस तयार व्हायला दुपार झाली. तोवर त्यांच्या बायकोने, सरस्वतीबाईंनी, दरवर्षीप्रमाणे पाट मांडला होता. हातोडा, कानस, ढवळायची सळी, लोखंडी साचा, सगळं धुऊन पुसून ओळीने ठेवलं होतं. भट्टीपाशी फक्त चिमटा उरला होता. किसनरावांनी रसाचं भांडं, मूस, खाली उतरवली आणि सवयीने सळीसाठी मागे हात नेला.

"सळी कुठी हाय वं?"

"पाटावर. कुकू लावून झालं," सरस्वतीबाई म्हणाल्या. "आता उचलू नका, बरं नाही दिसत."

किसनरावांनी पाटाकडे पाहिलं. लोखंडी साच्यावरही हळदीकुंकवाची बोटं उठलेली होती. मुशीतला रस थांबणार नव्हता.

"जाऊ दे. एका डावानं काय होते," ते म्हणाले. कोपऱ्यात माझ्याच मापाचा वाळूचा साचा भरून ठेवलेला होता. तो त्यांनी पुढे ओढला आणि न ढवळता मला त्यात उभा ओतला.

वाळू धातूला लवकर सोडत नाही. गरम अंथरुणात पडल्यासारखा मी हळूहळू गोठत गेलो. बाहेर आरती चालली होती आणि माझ्या आत शिसं थेंबाथेंबाने खाली उतरत होतं. मला ते कळत होतं. वरचं टोक कोरडं आणि कडक होत होतं, खालचं मऊ आणि भुसभुशीत. पण ओतल्या जाणाऱ्या वस्तूला कोण विचारतो? सकाळी किसनरावांनी मला साच्यातून काढलं, घासूनपुसून सारखा केला, आणि बाहेरून मी इतका सुरेख दिसत होतो की त्यांनी मायेने अंगठा फिरवला.

दसऱ्याला मला जिनिंगमध्ये बसवलं. तिथे जुन्या पद्धतीच्या मशीन होत्या, बायका हाताने कापूस टाकायच्या. मशीनच्या रांगेखालून एक लांब दांडा फिरायचा आणि त्याच्या एका टोकाला मी होतो. माझ्या डोक्यावरच्याच मशीनवर वडनेर भोलजी गावच्या सिंधूताई कापूस टाकायच्या. आणि आम्हा सगळ्यांना तेल देणारे होते हिंमतराव.

हिंमतरावांसारखा तेलवाला मी दुसरा पाहिला नाही. तसं पाहायला मिळालंही नाही म्हणा. रोज सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी ते तेलाची कुपी घेऊन वाकत वाकत सगळी रांग पुरी करायचे. शर्टाची डावी बाही कायम काळी. माझ्या तोंडाशी आले की आधी चिंधीने रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, भुरा पुसायचे, मग तेल सोडायचे, आणि ते आत शिरेपर्यंत थांबायचे. एवढं थांबायची कोणाला गरज नव्हती. ते थांबायचे.

दीड महिना मी कसाबसा काढला. मऊ टोक झिजून खचत गेलं, दांडा तिकडे कलला आणि सगळा भार कडक टोकावर आला. त्या टोकात शिसं जवळजवळ नव्हतंच. तेल असूनही दांडा मला खरवडू लागला. मी तापत गेलो. एका सकाळी हिंमतराव तेल देऊन गेले आणि तासाभरात दांडा माझ्यात जाम झाला. भोवतीचा भुरा पेटला. जाळ वर चढला आणि सिंधूताईंपुढच्या कापसाला लागला. त्यांनी तो हातांनीच लोटायचा प्रयत्न केला. बाकीच्या बायका ओरडत बाहेर पळाल्या. आग विझली तेव्हा सिंधूताईंचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता.

मला खोलून बाहेर काढलं. मी काळानिळा पडलो होतो. मालकांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "कोरडा पडला हा. तेलच नाही देलं."

"देलं होतं मालक," हिंमतराव म्हणाले. "आत्ताच देलं होतं."

"मंग जळला काऊन?"

याचं उत्तर माझ्या पोटात होतं. हिंमतरावांनी बाही पुढे केली, तेलाचा डाग दाखवला. पण ती बाही तर रोजच काळी असायची. त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं. मला राग आला होता, माझा स्वतःचाच.

जुना बुश वितळवायला परत ओतणाऱ्याकडे जातो. मीही किसनरावांच्या मोडीच्या पेटीत येऊन पडलो. त्यांनीही मला पाहून मान हलवली. "हिंमतरावसारखा माणूस इसरला," ते म्हणाले. आपल्या ओतकामावर त्यांना शंका आली नाही. तीस वर्षांत कधी यावी लागली नव्हती.

दोन वर्षं मी त्या पेटीत वितळवायचा राहून पडलो होतो. मग त्यांची मुलगी मंजुश्री सुट्टीला आली. ती धातूंचं शिक्षण घेते. प्रोजेक्टसाठी तिला एक खराब झालेला बुश हवा होता. तिने मला उचललं, कॉलेजात नेलं, उभं कापलं आणि एका अर्ध्याचे तुकडे आरशासारखे घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. पुढच्या रविवारी उरलेला अर्धा घेऊन ती घरी आली आणि मोबाइलवरचे फोटो तिने बापापुढे धरले.

"बाबा, हे वरचं टोक. काळे ठिपके म्हणजे शिसं. दिसतात का?"

"दोन-चार हायेत."

"आणि हे खालचं."

खालच्या फोटोत काळंच काळं होतं. किसनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

मंजुश्री सांगत राहिली. बोलत राहिलं म्हणजे बापाला कमी लागेल असं तिला वाटत असावं. "अवकाशात असे प्रयोग करतात बाबा. तिथं वजन जाणवत नाही, म्हणून शिसं असं तळाला जाऊन बसत नाही. चूक कोणाची नाही, ही जमिनीची ओढच..."

"मंजू, आपल्याले तं इथंच ओतायचं होतं," किसनराव म्हणाले. "अन् ते मले माईत होतं. त्या दिवशी म्या ढवळलं नाही."

सरस्वतीबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात सूप होतं. "म्याच ठेवली होती ती सळी पाटावर," त्या म्हणाल्या. मग सूप खाली ठेवून हळूच म्हणाल्या, "आता कोनाले सांगता? दोन वर्सं झाले. सारे जिनिंगवाले तुमच्या नावावर बुश नेतात."

किसनरावांनी मला रुमालात गुंडाळलं आणि चप्पल पायात घातली.

हिंमतराव घराच्या ओट्यावर बसले होते. खूप वाळले होते. आता ते बाजारात हमाली करतात, तीही कोणी बोलावलं तर. किसनरावांनी मला त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. पाट, सळी, वाळूचा साचा, काही लपवलं नाही. शेवटी हात जोडले. "तुम्ही तेल देलं होतं हिंमतराव. चूक माही हाय."

मला वाटलं, आता हा माणूस उठेल. ओरडेल, रडेल, निदान मला भिरकावून तरी देईल.

"देलं होतं का म्या?" हिंमतरावांनी फक्त विचारलं.

"हाव. देलंच होतं."

"मले आता आठवत नाही किसनराव. पयले रोज आठवे. मंग सारेच म्हनत, इसरला असशीन, इसरला असशीन. मालक म्हने, घरचे म्हनत. तुम्हीबी म्हटलं होतं. आता डोये मिटले का मले कुपी दिसते, पन तेल पडतानी दिसत नाही."

माझ्या आतली गोष्ट भिंगाखाली धरून दाखवता आली, त्यांच्या आतून जे झिजून गेलं होतं ते कोण दाखवणार?

मला पुन्हा रुमालात गुंडाळत किसनराव म्हणाले, "सिंधूताईलेबी सांगा लागते. चला माह्यासंगं."

हिंमतराव दोन वर्षांत सिंधूताईंच्या समोर गेले नव्हते. त्या दिसतील म्हणून वडनेरच्या बाजारालाही जात नसत. तरी त्या दिवशी उठले. एसटीत दोघं शेजारी बसले.

सिंधूताई अंगणात मिरच्या खुडत होत्या, डाव्या हाताने. उजव्याची बोटं आत वळून घट्ट झाली होती. किसनरावांनी रुमाल सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. हिंमतराव फाटकाशीच मान खाली घालून उभे राहिले.

सिंधूताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"त्यायनं तेल देलं होतं ते मले माईत हाय," त्या म्हणाल्या.

हिंमतरावांनी मान वर केली.

"मी मशीनपाशीच होती ना. हे खाली वाकले होते. म्या म्हटलं, दादा, लवकर आटपा, मशीनचा पट्टा सुरू होते. तं म्हने, थांब बाई, आत जाऊ दे."

"मंग तुम्ही कोनाले सांगितलं काऊन नाही?" किसनरावांनी विचारलं.

"दोन महिने दवाखान्यात होती. घरी आल्यावर मालकाचा मानूस आला, कागदावर सही घेऊन गेला. तुम्ही आज आले." सिंधूताईंनी मला खाली ठेवलं. "मले कोनी इचारलंच नाही."

फाटकाशी हिंमतराव मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

आता मी हिंमतरावांच्या ओट्यावर असतो. किसनराव परत न्यायला आले नाहीत. जिनिंगच्या मालकांनाही त्यांनी सगळं सांगितलं. मालक म्हणाले, जुनी गोष्ट झाली. जिनिंगमध्ये आता दुसरा तेलवाला आहे आणि किसनरावांकडे बुश ओतून घ्यायला येणारे निम्मे झाले आहेत. सिंधूताईंची बोटं तशीच आहेत. हिंमतरावांना पुन्हा काही आठवायला लागलं की नाही, ते मला माहीत नाही. ते माझ्याशी बोलत नाहीत.

मला वितळवा, असं मी म्हणणार नाही. असाच कापलेला राहू द्या. एवढंच मागणं आहे की पुन्हा कधी कुठे काही जळालं आणि एखादा माणूस म्हणाला, मी माझं काम केलं होतं, तर धातू कापून बघायच्या आधी शेजारी उभ्या असलेल्या बाईला एकदा विचारा.