देवमाशाचा पाचवा फर्मा

माझी मुलगी दहा वर्षांची आहे आणि घरात सगळे तिला भुंगा म्हणतात, कारण वाचताना तिचे ओठ हलतात आणि बारीक गुणगुण ऐकू येते. ती गुणगुण मला आवडायची. ती जे वाचायची ते मात्र डोक्यात जायचं. उडणारे किल्ले, बोलणारी झाडं, बाटलीत राहणारे राजे. मी पुस्तकं बांधणारा माणूस. तीस वर्षं छापील पानांच्या घड्या, म्हणजे फर्मे, जुळवतोय, शिवतोय, पुठ्ठे चढवतोय, आणि माझ्या हातून एक पान इकडचं तिकडे झालेलं नाही, हे मी विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगत असतो. अशा माणसाच्या मुलीनं खऱ्या माणसांची चरित्रं वाचावीत, कष्टानं वर आलेल्यांची, असं माझं ठाम मत होतं. असल्या जादूच्या गोष्टींनी पोरं हवेत तरंगतात आणि साधी शर्टाची गुंडी त्यांना लावता येत नाही.

"तुम्ही स्वतः किती चरित्रं वाचलीत?" बायको विचारायची. दुकानात खळ लावायचं काम तिच्याकडे आहे, आणि खळ लावताना तिला फार सुचतं.

"शेकड्यांनी बांधलीत."

"वाचलीत किती, असं विचारलं मी."

मग मी कात्री शोधायला लागायचो.

त्या महिन्यात आमच्या नेहमीच्या प्रकाशकांची दोन कामं एकदम आली. एक होतं पूल बांधणाऱ्या एका इंजिनिअर बाईंचं चरित्र. तीनशे प्रती, एका शाळेच्या बक्षीस समारंभासाठी. दुसरी होती पंख असलेल्या देवमाशाची गोष्ट. दोन्हींचा आकार एक, कागद एक, टाइपही एकच. शाळा मुलांना चरित्र वाटणार म्हटल्यावर मलाच बक्षीस मिळाल्यासारखं झालं. चरित्राची पहिली प्रत तयार झाली तशी मी ती भुंग्यापुढे ठेवली आणि अट घातली, की हे संपेपर्यंत घरात दुसरं पुस्तक उघडायचं नाही. तिनं एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे पाहिलं आणि मुकाट्यानं पुस्तक उचललं.

गुरुवारी दुपारपर्यंत तीनशेच्या तीनशे प्रती बांधून झाल्या होत्या. समारंभ शनिवारी होता. मी खूश होऊन थप्प्यांवरून हात फिरवत होतो, तेवढ्यात भुंगा शाळेतून आली आणि दप्तर न काढताच समोर उभी राहिली.

"बाबा, पुलाच्या बाईंना देवमासा कसा काय भेटला?"

"कसला देवमासा?"

"चौसष्टाव्या पानावर शेवटी आहे, 'बाईंनी गर्दीत उभं राहून हात वर केला आणि'. पासष्टाव्यावर लगेच, 'देवमाशाने पंख पसरले'. मग त्या परत येतच नाहीत. एकदम एक्याऐंशीव्या पानावर दुसरा पूल बांधतायत."

माझं डोकं फिरलं. "वाचायचं नसेल तर सरळ तसं सांग," मी ओरडलो. "थापा मारू नकोस. त्या असल्या पुस्तकांनीच तुला ही सवय लागलीय."

तिचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. "थाप मारायची असती तर याच्यापेक्षा चांगली मारली असती," ती म्हणाली आणि तिनं पुस्तक उघडून माझ्या टेबलावर ठेवलं.

मी तिला पुराव्यानिशी गप्प करायला निघालो. प्रत्येक फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी, आणि त्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी त्याचा आकडा असतो. मी बोट ठेवलं. "हे बघ. पाच. आणि पान पासष्ट. सगळं जागच्या जागी आहे."

"आकडा बरोबर आहे बाबा. पण वाचा ना."

मी वाचलं. देवमाशाने पंख पसरले होते. पुढच्या पानावर तो ढगांत शिंकत होता.

खोटं कशाला बोलू, पायाखालची जमीन सरकली. दोन्ही पुस्तकांचे पाच नंबरचे गठ्ठे मी शेजारी शेजारी ठेवले होते आणि चहा पिऊन आल्यावर भलताच उचलला होता. त्यावर आकडा पाच होता, पानं पासष्ट ते ऐंशी होती. मी आयुष्यभर एवढंच बघत आलो होतो. थप्पीतली दुसरी प्रत उघडली, मग तळातली, मग मधली. सगळीकडे देवमासा.

"बक्षिसाची पुस्तकं वाचतंय कोण?" मी पुटपुटलो. मला ते खरंच वाटत होतं. कपाटात जाणार, धूळ खाणार, आणि माझी तीस वर्षं शाबूत राहणार.

"मी वाचते," भुंगा म्हणाली.

भुंगा देवमाशाच्या न शिवलेल्या गठ्ठ्यांकडे गेली आणि तिथला पाचवा फर्मा घेऊन आली. "बाईंचं हरवलेलं इथेच असणार," म्हणत तिनं उभ्यानंच वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं. आधीच्या पानांत काय झालं तेही तिनं सांगितलं: बाईंचा पहिला पूल उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मधोमध खचला होता. माणूस दगावला नव्हता, पण लोक चिडले होते आणि बिचाऱ्या गवंड्याला धरून बसले होते. चौसष्टाव्या पानावर बाईंनी हात वर केला होता, आणि या फर्म्याच्या पहिल्याच ओळीत त्या म्हणत होत्या, "गवंड्याला सोडा. हिशेब माझा चुकला." सगळ्या चरित्राचा जीव त्या सोळा पानांत होता आणि नेमकी तीच मी बाहेर ठेवली होती.

मी प्रकाशकांना फोन केला. ते अर्ध्या तासात येऊन थडकले. एक प्रत उघडून बघताच त्यांचा चेहरा लाल झाला. मग त्यांना फर्मा हातात घेऊन उभी असलेली भुंगा दिसली.

"आलं लक्षात," ते म्हणाले. "पोरीला फर्मे जुळवायला बसवलंत, होय ना? मुलांच्या हातात काम दिलं की घोळ व्हायचाच. जाऊ दे, लहान आहे. रागावू नका तिला."

वाट मोकळी होती. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी भागलं असतं. भुंगा माझ्याकडे बघत राहिली.

"साहेब, तिनं फर्म्यांना हात लावलेला नाही," मी म्हणालो. "मी जुळवले. आकडे बघितले आणि वाचलं काहीच नाही. चूक माझी आहे. हिनं ती पकडली."

"हिनं? कशी काय?"

"वाचून," भुंगा म्हणाली.

प्रकाशक स्टुलावर बसले. थोड्या वेळानं त्यांनी आपल्या ऑफिसातल्या दोघांना बोलावून घेतलं, बाह्या वर केल्या आणि स्वतः टाके उसवायला लागले. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आम्ही सहा जण उसवत, फर्मे बदलत, पुन्हा शिवत होतो, आणि पुस्तकं शाळेत वेळेवर पोचली. भुंगा प्रत्येक प्रतीची चौसष्टावं आणि पासष्टावं ही दोन पानं वाचून बघायची आणि मान हलवायची. तिची मान हलल्याशिवाय एकही प्रत पुढे सरकत नव्हती, प्रकाशकांच्या हातचीसुद्धा नाही.

शेवटची थप्पी बांधताना त्यांनी तिला विचारलं, "खरं सांग, जास्त काय आवडलं? बाई की देवमासा?"

मी दोरा ओढायचा थांबलो. उत्तर मलाही हवं होतं.

"बाई," ती म्हणाली. "पण देवमासा मध्ये घुसला नसता, तर बाबांनी बाईंचं वाचलंच नसतं."

बायको इतकी हसली की खळ सांडली. प्रकाशकही हसले. तीस वर्षं मिरवलेला माझा तोरा त्या दोन दिवसांत पार उतरला होता, आणि तरी मी तिथे असा छाती पुढे काढून बसलो होतो, की कुणाला वाटावं ते पुस्तक मीच लिहिलंय.