खालचा पंखा वाजतोय

साहेब, तुम्ही खोटं बोललात. भरल्या खोलीत, हात वर करून, शपथ घेऊन बोललात. म्हणालात, "वर काहीच ऐकू येत नव्हतं." येत होतं. मी तुमच्या पायाखालीच होतो, म्हणून छातीठोकपणे सांगतो.

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुना पंखा आहे. तुमच्याच वर्गात, मागच्या बाकांवर फिरणारा. उकडायला लागलं की तुम्ही माझं बटण दाबता आणि थंडी पडली की मला विसरता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आज मी बोलणार आहे आणि ताठ मानेने बोलणार आहे, कारण मला माझा अभिमान आहे. तो कशाचा, ते ऐका.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. मला घडवणाऱ्या मिस्त्रीची एक तऱ्हा होती. पाती बसवून झाली की तो पंखा सुरू करायचा, खाली स्टुलावर बसायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. जरा जरी कुरकुर कानावर आली की पंखा पुन्हा खाली. माझं एक पातं बाकीच्यांपेक्षा हलकं निघालं, तर त्याने आतून शिशाचा तुकडा जोडला, पुन्हा मला टांगलं, पुन्हा डोळे मिटले. शेवटी हसला. "हा चालू आहे का बंद, हे आता याचं यालाही कळायचं नाही," म्हणाला. त्याच साच्यातून माझ्याआधी एक पंखा निघाला होता. तो माझा थोरला भाऊ. एका ओतणीने मोठा, पण तेवढ्यावर त्याने जन्मभर मोठेपणा गाजवला.

आम्ही दोघे एकदमच या शाळेत आलो. छताला ही जी आडवी लोखंडी तुळई दिसते ना, तिला दोन आकडे होते. फळ्याकडच्या आकड्याला थोरला, मागच्या आकड्याला मी. म्हणजे हुशारांना वारा घालायचा त्याने आणि उनाडांना मी. मला उनाडच आवडायचे. त्यांची कागदी विमानं माझ्या वाऱ्यावर गिरकी घेत थेट बाईंच्या टेबलावर उतरायची. एकदा मोठ्या बाई वर्गात आल्या, गोंगाट ऐकला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "या पंख्याकडून शिका जरा! दिवसभर राबतो, पण तोंडातून चकार शब्द नाही." मी फुलून गेलो. गप्प राहण्यापलीकडे मोठा गुण नाही, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

मग लढाई आली.

बाकं बाहेर फेकली गेली. खिडक्यांवर फळ्या ठोकल्या. तुमच्या या वर्गात माणसं आणून कोंडली. पलीकडची माणसं, एवढंच त्यांचं नाव. त्यात एक शिंपी होता. त्याने कधी बंदूक हातात धरली नव्हती. पलीकडच्या सैन्याचे सदरे शिवले, हा त्याचा गुन्हा. सदरे किती शिवले ते सांग, म्हणजे माणसं किती आहेत ते कळेल, असं त्याला विचारत होते. तो म्हणायचा, "मी मापं घेतो हो, मोजदाद नाही करत."

साहेबांची खोली वरच्या मजल्यावर, बरोबर या वर्गावर होती. साहेबांना उकडत होतं. म्हणून थोरल्याला आकड्यावरून उतरवून वर नेलं. जाताना तो म्हणाला, "बघ, मला बढती मिळाली." आणि माझ्यासमोरचा आकडा रिकामा झाला. हा आकडा लक्षात ठेवा, मित्रांनो.

पहारेकऱ्यांत एक फार उंच माणूस होता. त्याला सगळे लंबू म्हणायचे. स्टुलावर चढून आकड्यापर्यंत हात त्याचाच पोचायचा. एका दुपारी तो दोर घेऊन आला. दुसऱ्या पहारेकऱ्याने विचारलं, "हे काय रे नवीन? कोणी सांगितलं?"

"वरून आलंय."

"वरून म्हणजे कोणाकडून?"

"वरून म्हणजे वरून! आज भरती झालास का तू?"

बोलताना लंबूने बोट वर केलं, ते थेट माझ्याकडे. मित्रांनो, वर तर मीच होतो. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं.

त्यांनी शिंप्याचे हात बांधले आणि दोर त्या रिकाम्या आकड्यातून ओढला. इतका ओढला की त्याच्या टाचा जमिनीला टेकेनात. पुढचं सगळं मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच सांगतो, की तो पाणी मागत होता आणि पाणी कोणी देत नव्हतं.

तो तडफडला की तुळई हादरायची. तुळई हादरली की मी हादरायचो. जन्मात पहिल्यांदा मी खडखडलो. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मिस्त्री आठवला, त्याचे मिटलेले डोळे आठवले.

तेवढ्यात जिना उतरून साहेबांचा निरोप्या आला. हातात तेलाची बुधली. "साहेब विचारतात, खालचा पंखा का वाजतोय? त्यांचं कामात लक्ष लागत नाहीये. तेल घाला म्हणाले."

"आणखी काही म्हणाले?" लंबूने विचारलं.

निरोप्याने शिंप्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. "नाही बाबा. पंख्याचंच म्हणाले."

लंबू स्टुलावर चढला. त्याच्या समोर, चार पावलांवर, शिंपी टांगलेला. लंबू माझ्या मानेत तेल सोडायला लागला, तसा शिंपी म्हणाला, "लंबूशेठ, दोन थेंब माझ्या खांद्यात पण सोडा की. तोही वाजतोय."

लंबूचा हात थांबला. तेल जमिनीवर सांडलं. "गप बस रे," तो म्हणाला, पण त्या दटावण्यात दम नव्हता.

आणि मी? सगळं तेल प्यालो आणि तरीही वाजत राहिलो. संध्याकाळी दोर सुटला त्याच क्षणी माझी खडखड थांबली. म्हणजे माझ्यात काही बिघडलेलं नव्हतंच! पुढेही तसंच. आकड्याला माणूस टांगला की मी वाजायचो, उतरवला की गप्प. अख्ख्या इमारतीत जिन्याच्या वरपर्यंत पोचणारी एकच तक्रार होती, ती माझी. आणि साहेब दर वेळी तेल पाठवत होते. मित्रांनो, गप्प बसण्याचं बक्षीस मला मोठ्या बाईंनी दिलं होतं. पण माझ्या आयुष्याचा खरा अभिमान म्हणजे ती खडखड.

लढाई संपली. खिडक्यांवरच्या फळ्या निघाल्या, थोरला परत आपल्या आकड्यावर आला. आल्या आल्या तो मला म्हणाला, "तू वाजायला लागलास ना, की साहेब माझा वेग वाढवायचे. तुझा आवाज दाबायला मला पळवलं रे त्यांनी." त्यानंतर त्याने मोठेपणा कधी गाजवला नाही.

मग चौकशी बसली, ती याच खोलीत. चौकशी करायला एक वयस्कर बाई आल्या होत्या. कमी बोलणाऱ्या. आधी शपथ. साहेबांनी उजवा हात झटक्यात वर केला. लंबूनेही केला. शिंप्याची पाळी आली, तर तो म्हणाला, "बाई, डावा चालेल का? उजवा छातीच्या वर जातच नाही. उंच गिऱ्हाईक आलं तर मी त्याला खाली बसवून माप घेतो."

"बसा तुम्ही. हात राहू द्या," बाई म्हणाल्या.

लंबूने काहीच लपवलं नाही. "दोर मी बांधला. हात माझेच. आम्हाला सांगायचे, वरून आलंय. मी वर जाऊन विचारलं नाही, हे पण खरं."

बाई साहेबांकडे वळल्या. आणि साहेबांनी, मित्रांनो, दुसऱ्यांदा हात वर केले. या वेळी दोन्ही. "असला हुकूम मी कधी दिला नाही. खाली काय चालायचं मला माहीत नव्हतं. वर काहीच ऐकू येत नव्हतं."

शिंपी बसल्या जागेवरून म्हणाला, "मग साहेब, पंख्याला तेल कोणी पाठवलं?"

खोलीतल्या सगळ्या माना वर झाल्या. सगळे माझ्याकडे बघत होते. मी असा फिरलो, असा फिरलो, की मिस्त्री असता तर त्याने मला खांद्यावर घेतलं असतं.

साहेब गडबडले नाहीत. मोठ्या खुर्चीत बसणाऱ्यांना सावरून घेता येतं. "यंत्राची गोष्ट वेगळी. लोखंडाचा आवाज लोखंडातून चढतो. माणसाचा आवाज तसा चढत नाही."

"असं?" बाई उठल्या. "मी वर जाऊन बसते. दार लावून घेते. शिंपीदादा, तुम्ही तेव्हा जे म्हणत होता ते म्हणा. जेवढ्या आवाजात म्हणत होता तेवढ्याच."

जिन्यावर त्यांची पावलं वाजली. वरचं दार लागलं. खुर्ची सरकल्याचं मला तुळईतून कळलं. शिंप्याच्या शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तो म्हणाला. मोठ्याने नाही, ओरडून नाही. एकच शब्द.

बाई खाली आल्या त्या हातात पाण्याचा पेला घेऊन. तो त्यांनी शिंप्यासमोर ठेवला आणि साहेबांकडे बघत उभ्या राहिल्या.



आता तुम्ही म्हणाल, झालं, सापडले साहेब. नाही सापडले. लंबूला शिक्षा झाली आणि ती रास्तच झाली, तो स्वतःही तेच म्हणाला. बाईंनी साहेबांचंही नाव घेतलं होतं. पण बाईंच्याही वर कोणीतरी बसलेलं होतं. तिथे ठरलं, की ऐकू येणं वेगळं आणि हुकूम देणं वेगळं. साहेब आणखी वरच्या मजल्यावर गेले. निकालाच्या दिवशी लंबूची आई पायरीवर बसून म्हणत होती, "माझ्या पोराला आत टाका, मी अडवत नाही. पण त्याने बोट केलं होतं ते वर. त्या वर एकदा कोणी बघा तरी!" येणारे जाणारे तिला वळसा घालून जात होते.

मी बघितलंय, म्हणून साहेबांना विचारतो. हुकूम दिला नाही म्हणता? पण हुकूम तर तुमच्याच तोंडून सुटला होता, साहेब! पंख्याला तेल घाला, हा हुकूम नाही तर काय? तुम्ही सांगितलंत आणि लगेच तेल आलं. खाली तुमचा शब्द इतका चालत होता.

मित्रांनो, आता माझं वय झालंय. मला काढून नवा पंखा लावायचं बोलणं चाललंय. लावा. फक्त जोवर मी आहे, तोवर माझी पाती पुसत जा, धूळ बसली की जीव गुदमरतो. आणि एक ध्यानात ठेवा. एखादी गुणी, गप्प वस्तू अचानक वाजायला लागली, तर तेल शोधण्याआधी तिच्या शेजारी काय टांगलंय ते बघा. तुमच्यातलंच कोणीतरी उद्या वरच्या खुर्चीत बसेल. माझा वारा खाऊन मोठी झालेली पोरं तुम्ही, तेव्हा खालून आलेला आवाज ओळखाल, याची मला खात्री आहे. आजही वरच्या वर्गात कोणी उडी मारली की मी थरथरतो. तुम्ही खाली हसलात तर त्यांना वर कळतं. या छतातून सगळं ऐकू येतं.

म्हणून साहेब, जिथे असाल तिथून सांगा. तोच जिना होता, तोच निरोप्या होता, तोच तुमचा आवाज होता. "पंख्याला तेल घाला" हे जिथून खाली आलं, तिथूनच "त्याला सोडा" हेही आलं असतं. तेवढे दोन शब्द तुम्ही का नाही पाठवलेत?

मी फिरतोय. उत्तर द्या.