आधी माणसं, मग खुर्ची

मित्रांनो, मी घडीची खुर्ची. सध्या दाराच्या मागे एका खिळ्याला टांगलेली असते. कोणी उघडलं तर मी खुर्ची, नाही तर चार नळ्या आणि रेक्झिनचा एक हिरवा तुकडा. माझी उजवी बिजागरी गंजली आहे. उघडताना ती कुरकुरते, म्हणून घरातली मंडळी मला फारशी उघडत नाहीत. माझी त्याबद्दल तक्रार नाही. टांगून राहायची सवय होते.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. यात्रेची बस चालवणारा एक माणूस एके दिवशी मोडीत निघालेल्या बसमधला दांडा खांद्यावर टाकून तिथे आला. लोक उभे राहताना धरतात ना, तो दांडा. तो म्हणाला, "याची एक खुर्ची करून द्या. पण घडी झाली पाहिजे. माझ्या सीटच्या मागे मावली पाहिजे."

वेल्डर हसला. "अहो, बसून बसूनच तर पगार घेता. आणखी खुर्ची कशाला?"

"बसमध्ये बसतो ते काम. मला बसच्या बाहेर बसायचंय."

वेल्डरने दांडा कापला, वाकवला, जोडला. बसण्याचा भाग फाटक्या सीटच्या रेक्झिनचा केला. म्हणजे मी नात्याने बसचीच. त्या माणसाने माझ्यावर बसून पाहिलं, दोनदा उठून पुन्हा बसला आणि म्हणाला, "जमलं."

त्यानंतर एकतीस वर्षं मी त्याच्या सीटच्या मागे राहिले. तो लोकांना जुन्या देवळांना, लेण्यांना, पडक्या राजवाड्यांना घेऊन जायचा. बस थांबली की प्रवासी उतरायचे आणि पायऱ्या चढू लागायचे. त्याला जाता यायचं नाही. टपावर सामान, आत सामान, आणि बस सोडून हलायचं नाही असा मालकाचा नियम. तो मला बसच्या सावलीत उघडायचा आणि माझ्यावर बसायचा. सावली सरकली की मलाही सरकवायचा. कुठल्या देवळापाशी कुठल्या वेळी सावली कुठे असते, ते त्याला तोंडपाठ होतं. देवळाचं मात्र त्याला फक्त शिखर ठाऊक होतं.

लोक परत येऊन म्हणायचे, "काका, काय कोरीव काम आहे हो! बघायलाच हवं."

तो म्हणायचा, "हो का?"

मित्रांनो, माझंही त्या वर्षांत कौतुक झालं. पायऱ्या उतरून घेरी आलेल्या किती बायकांना माझ्यावर बसवलं असेल, किती पोरांचे बूट माझ्यावर बसून बांधले गेले असतील! एका म्हाताऱ्याने तर मला विकत मागितलं होतं. माझा माणूस म्हणाला, "खुर्ची देतो, पण मग बस तुम्ही चालवा."

त्याची एक पद्धत होती. निघायच्या आधी तो बसमध्ये पुढून मागपर्यंत चालत जायचा आणि प्रत्येकाच्या खांद्याला बोट लावून मोजायचा. नुसतं नजरेने नाही, बोट लावून. सगळे भरले की खाली उतरून मला घडी घालायचा. क्लीनर नवा असला आणि त्याने मला आधीच उचललं, तर तो ओरडायचा, "आधी माणसं, मग खुर्ची!" एकतीस वर्षांत त्याच्या बसमधून एकही माणूस मागे राहिला नाही.

तो निवृत्त झाला तेव्हा बस तिथेच राहिली आणि मी त्याच्याबरोबर घरी आले. त्याने नातीच्या वहीत नऊ ठिकाणांची यादी लिहून घेतली. म्हणाला, "ही सगळी खालून बघून झालीत. आता उतरून, वर जाऊन बघायचीत. सगळ्यांनी मिळून." त्याची बायको, म्हणजे नातीची आजी, म्हणाली, "माझा गुडघा?" तो म्हणाला, "मी आहे ना. पाच पायऱ्या चढायच्या आणि थांबायचं. आपल्याला कुठे हॉर्न वाजवणारं कोणी आहे?"

निघायच्या आधीच तो आजारी पडला, आणि पुन्हा उठला नाही.

आजी रडली नाही. लोक भेटायला आले, तेव्हा त्यांना पाणी देत होती. नंतर जेवायची वेळ झाली की जेवायची, झोपायची वेळ झाली की आडवी व्हायची. कोणी काही विचारलं की "बरं" म्हणायची. चहात साखर घातली तरी बरं, विसरली तरी बरं. आठ महिन्यांनी थोरल्या मुलाने वहीतलं ते पान काढलं आणि म्हणाला, "आई, बाबांची यादी आपण पूर्ण करू." तेव्हाही ती म्हणाली, "बरं."

दोन गाड्या निघाल्या. पांढरी थोरल्याची. तिच्यात तो, त्याची बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. लाल गाडी लेकीची. तिच्यात लेक आणि जावई. आजी कधी या गाडीत, कधी त्या गाडीत, म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको. मी ज्या डिकीत जागा असेल त्या डिकीत, पाण्याचे कॅन आणि छत्र्या यांच्यामध्ये.

पहिल्याच देवळापाशी आजी म्हणाली, "मीही येते वर."

"आई, ऐंशी पायऱ्या आहेत," थोरला म्हणाला. "गुडघ्याचं काय? तू इथे सावलीत बस. आम्ही फोटो काढून आणतो. सगळं दाखवतो तुला."

त्याने मला झाडाखाली उघडलं, आजीला बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याने माझे चारही पाय सपाट जमिनीवर आहेत ना, हेसुद्धा वाकून बघितलं. मंडळी वर गेली, तासाने आली. आजीने फोटो बघितले आणि म्हणाली, "छान आहे."

दुसऱ्या देवळापाशी तसंच, आणि तिसऱ्यापाशीही. तिथे लेकीने आईच्या पाठीशी उशी ठेवली. मुलं चांगली होती, मित्रांनो. आईला कुठे बसवायचं याची त्यांना फार काळजी होती.

तिसऱ्या देवळापाशी नातीचा पाय दुखत होता म्हणून ती आजीजवळ खाली थांबली. आजी म्हणाली, "तुझे आजोबा एकतीस वर्षं हेच बघत बसायचे?"

"काय आजी?"

"लोकांच्या चपला."

हे बोलताना तिच्या आवाजात दुःख नव्हतं, रागही नव्हता. माझी बिजागरी कुरकुरते तेव्हा जेवढं दुःख असतं, तेवढंच.

आता गाड्यांमध्ये एक सवय पडून गेली होती. निघताना थोरला मोठ्याने विचारायचा, "खुर्ची आली का?" डिकी लावणारा ओरडायचा, "आली!" आणि गाड्या सुटायच्या. कारण आजी उठून गाडीत बसल्याशिवाय खुर्ची उचलली जाणार नाही, हे उघड होतं. मी आले म्हणजे आजी आली. बोट लावून मोजायची पद्धत बापाबरोबर गेली होती. मुलांनी माझ्यावर हिशेब ठेवला होता.

सहावं ठिकाण म्हणजे टेकडीवरचं जुनं देऊळ. दगडी हत्ती, त्यांच्या सोंडा तुटलेल्या. चढायची वाट पुढून, उतरायची मागून, म्हणजे गर्दी होत नाही. सकाळीच आजी म्हणाली होती, "आज मी वर येते."

"आज नको, आई. एकशे बारा आहेत. शेवटच्या ठिकाणी पायऱ्या कमी आहेत, तिथे तुला नक्की नेतो."

"बरं."

मंडळी वर गेली. आजी माझ्यावर बसून राहिली. थोड्या वेळाने ती आपल्या पायांना चिमटे काढू लागली. बसून बसून पाय बधिर झाले होते. तिने एक पाय आपटला, मग दुसरा. मग माझ्या नळीवर जोर देऊन उठली. मला वाटलं, उभी राहील आणि बसेल. ती बसली नाही. पाच पायऱ्या चढली आणि थांबली. आणखी पाच चढली आणि थांबली. मग मला दिसेनाशी झाली.

जावई मागच्या वाटेने थोरल्याच्या आणि लेकीच्या आधी खाली आला. मदतीचा माणूस. त्याला मी रिकामी दिसले. लाल गाडीत कोणी नव्हतं, तेव्हा आजी पांढऱ्या गाडीत बसली असणार, असं त्याने धरलं. पांढऱ्या गाडीच्या काचा काळ्या होत्या आणि ती चालू होती, कारण सून मुलीला घेऊन आधीच आत बसली होती. त्याने मला घडी घातली आणि पांढऱ्या डिकीत टाकलं. थोरला घाम पुसत आला आणि त्याने विचारलं, "खुर्ची आली का?"

"आली!"

मग आजी लाल गाडीत बसली असणार, असं थोरल्याने धरलं. दोन्ही गाड्या सुटल्या.

मी डिकीत होते आणि मला माहीत होतं. पण खुर्चीला ओरडता येत नाही. वळणावर मी कॅनवर आपटत राहिले, तेवढंच.

अडतीस किलोमीटरवर चहाची टपरी आली. थोरल्याने रोजच्यासारखं मला काढलं, सावलीत उघडलं आणि आईचा हात धरायला लाल गाडीकडे निघाला. त्याच वेळी लेक आईला उतरवायला पांढऱ्या गाडीकडे निघाली होती. दोघं मध्येच भेटली.

"आई उतरली का?" लेकीने विचारलं.

"तुझ्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे कुठे? खुर्ची तुझ्या डिकीत होती."

दोघांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी उघडी होते आणि रिकामी होते.

"मी तर मदत म्हणून उचलली," जावई हळूच म्हणाला.

"फोन लाव तिला!"

फोन लाल गाडीत, आजीच्या पिशवीत वाजू लागला.

मला पुन्हा डिकीत टाकून गाड्या उलट फिरल्या. थोरला म्हणाला, "तिने पाणीसुद्धा नेलं नसेल." नात म्हणाली, "आजोबा बोट लावायचे." तिला कोणी गप्प केलं नाही.

झाडाखाली आजी नव्हती. थोरल्याने मला डिकीतून ओढून काढलं, आई सापडली की लगेच बसवायला म्हणून, आणि मला हातात घेऊनच पळाला. पायथ्याशी पहारेकरी उभा होता.

"त्या आजी? वर आहेत. मी पाणी दिलं. खाली चला म्हटलं, तर म्हणाल्या, घाई नाही, माझी माणसं येतील."

थोरला पायऱ्या चढू लागला. मी हातात आहे हे त्याच्या लक्षातच नव्हतं. माझे पाय प्रत्येक पायरीवर ठण् ठण् आपटत होते. मित्रांनो, एकतीस वर्षं आणि वर सहा देवळं एवढं फिरून मी पहिल्यांदा पायऱ्या चढत होते.

आजी गाभाऱ्यासमोरच्या मंडपात एका खांबाला टेकून जमिनीवर बसली होती. पाय पसरलेले. गुडघा सुजला होता. थोरला तिच्यापुढे मटकन बसला.

"आई, चुकलं गं. आम्हाला वाटलं..."

"ठाऊक आहे. खुर्ची न्यायला आलेले जावई वरून दिसले मला. हाक मारली, पण पोचली नाही."

"रागावलीस?"

"नाही रे. काही वाटत नाही. आठ महिने झाले, काही वाटतच नाही. वर येऊन बघितलं, इथे तरी वाटतं का. नाही वाटलं." तिने खांबावर हात फिरवला. "पण दगड गार आहे. हे फोटोत कळलं नसतं."

एवढ्यात मागून सगळी आली, धापा टाकत. थोरल्याच्या तेव्हा लक्षात आलं की मी त्याच्या हातात आहे. त्याने मला घाईने उघडलं. "बस आई, वर बस. जमीन टोचत असेल."

आजीने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मी नको. हिचं तोंड तिकडे कर."

"कुठे?"

"आत. देवाकडे."

थोरल्याने मला फिरवलं. माझ्यावर कोणी बसलं नाही. समोर गाभारा होता, त्यात अंधार होता आणि अंधारात एक दिवा. कोरीव काम होतं. काय आहे ते मला नीट कळलं नाही, पण होतं.

मागोमाग वर आलेला पहारेकरी पुढे आला. "आजी, खुर्ची इथे चालत नाही. नियम आहे."

"दोनच मिनिटं," आजी म्हणाली. "एकतीस वर्षं खाली थांबले ते. नियम होता म्हणूनच."

पहारेकऱ्याला काय समजलं कोणास ठाऊक. तो बाजूला झाला आणि त्याने टोपी काढली. रडलं कोणीच नाही. दोन मिनिटं झाली, तशी आजीच म्हणाली, "चला. झालं यांचं."

उतरायला फार वेळ लागला. पाच पायऱ्या आणि थांबायचं. खाली गाड्यांपाशी थोरल्याने मला उघडंच जमिनीवर ठेवलं. तो दोन्ही गाड्यांच्या दारातून वाकला आणि प्रत्येकाच्या खांद्याला बोट लावलं. बायको, मुलगी, बहीण, जावई. आजीच्या खांद्याला दोनदा लावलं. आजी म्हणाली, "एकच माणूस आहे मी." मग त्याने मला घडी घातली.

उरलेल्या तीन ठिकाणी निघताना कोणी माझं नाव घेतलं नाही. पायथ्याशी गाडी थांबली की आजीला विचारायचे, "वर येतेस की बसतेस?" एकदा ती वर गेली. दोनदा म्हणाली, "आज बसते," आणि माझ्यावर बसली. वजन तेवढंच, पण बसणं वेगळं होतं.

आता मी खिळ्यावर आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी घडीची खुर्ची असेल. तिला पावसात ठेवू नका आणि वर्षातून एकदा बिजागरीला थेंबभर तेल द्या. म्हाताऱ्या माणसाला तिच्यावर जरूर बसवा, पण आधी विचारा, बसायचं आहे का. आणि निघताना खुर्ची रिकामी दिसली तर लगेच घडी घालू नका. तिच्यावर कोण बसलं होतं, ते आठवा, आणि ते माणूस कुठे आहे ते बघून या. खुर्ची थांबेल. तिला सवय आहे.