कॉमेंट्रीचा तास

आमच्या शाळेत पहिली ते दहावी एकाच इमारतीत भरते. खाली प्राथमिक, वर माध्यमिक. वरच्या शिक्षकांचं म्हणणं, खालचे काही शिकवून पाठवत नाहीत. खालच्यांचं म्हणणं, आम्ही चांगलं शिकवूनच पाठवतो, जिना चढताना मुलांचं काय होतं ते आम्हाला विचारू नका. मी दोन्हीकडची. ज्या मुलांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांना वाचायला शिकवते, सकाळी दुसरीतल्या आणि जेवणाच्या सुट्टीनंतर आठवीतल्या. अक्षरं दोन्हीकडे तीच. लाज मात्र आठवीची मोठी असते.

मी शिक्षिका नाही. डी.एड., बी.एड. काही केलेलं नाही. इंग्रजी शिकले ते लग्नानंतर, मुलाच्या पुस्तकांवरून आणि बिस्किटांच्या पुड्यांवरून. म्हणून मुलं मला मॅडम म्हणत नाहीत, ताई म्हणतात. एका परीने बरंच आहे. ताईशी भांडता येतं.

कृतिका मात्र भांडायचीसुद्धा नाही. आठवीतली, मानपाड्याच्या जुन्या गावातली, उंच, दोन वेण्या घालणारी. वाचायची पाळी तिच्यावर आली की तिला बाथरूमला जायचं असायचं. लॉकडाऊनमध्ये तिची दुसरी-तिसरी मोबाइलवर भरली होती, आणि घरातला तो एकुलता एक मोबाइल काकांच्या खिशात असायचा. पुढे ती दरवर्षी वरच्या वर्गात जात राहिली, वाचन तेवढं मागे राहिलं.

हे एकदा आमच्या मुख्याध्यापिका सुमतीमॅडमच्या लक्षात आलं.

“वैशाली, पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी हिला माझ्याकडे आण. दुसरीच्या पुस्तकातलं एक पान मी काढून देईन. वाचलं तर उत्तम. नाही वाचलं, तर त्याच दिवसापासून इंग्रजीच्या तासाला खाली. दुसरीच्या वर्गात, बाकावर बसायचं.”

“मॅडम, तिचा धाकटा भाऊ आहे त्या वर्गात.”

“मग सोबत होईल की तिला.”

मॅडम दुष्ट नाहीत. त्यांना खरोखरच ती सोबत वाटली.

मी कृतिकाला सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याशी पूर्ण वाक्य बोलली. “ताई, मी शाळा सोडीन. पण नयनच्या बाजूला नाय बसणार.”

ओरडली असती तर मी समजूत घातली असती. ती भाजीचा भाव सांगावा तसं बोलली, म्हणून मला धास्ती वाटली.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत मी वरच्या गॅलरीतून चालले होते. खाली पोरं टेनिस बॉलने खेळत होती. आणि गॅलरीच्या कठड्याला टेकून, पाण्याची बाटली तोंडापाशी धरून कृतिका उभी होती.

“आणि पुन्हा एकदा संदेश, एमआयडीसी एण्डकडून! ओव्हर द विकेट, राइट आर्म, फास्ट... फास्ट म्हंजे त्याच्या मते! समोर हर्षित. उचलून मारलाय! बॉल इन द एअर, फिल्डर अंडर द बॉल, अँड... ड्रॉप! मंडळी, कॅच ड्रॉप! हा फिल्डर जेवून आलाय की झोपून?”

“ए कृते, गप गं!” खालून संदेश ओरडला.

“बॉलर इज अँग्री!” बाटलीतून उत्तर गेलं.

मी विचारलं, “हे कुठे शिकलीस?”

ती दचकली. बाटलीचं झाकण लावत म्हणाली, “काका करतात ना, गावच्या टूर्नामेंटला. माइक त्यांच्याकडंच असतो. पोरींना नाय देत.”

“मला सांग परत. हळू. मी लिहून घेते.”

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मी स्केचपेनने तिची सगळी कॉमेंट्री इंग्रजीत उतरवली. लिहून झाल्यावर म्हटलं, वाच. तिने धडाधड वाचली. फक्त वाचताना ती खिडकीबाहेर बघत होती. पाठ असलेलं वाचायला डोळे कशाला लागतात?

घरी जाऊन मी कात्री घेतली आणि पानाच्या पट्ट्या केल्या, शब्दाशब्दाच्या. नवऱ्याने विचारलं, राखीची तयारी फेब्रुवारीत का? मी म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी कृतिकापुढे त्यातल्या चार पट्ट्या मांडल्या. ती खिडकीकडे बघून “फिल्डर अंडर द...” म्हणाली. मी म्हटलं, “तसं नाहीये. बघ.”

तिने बोट ठेवलं. ओठ हलले. बोट मागे आलं, पुन्हा पुढे गेलं.

“फिल्डर... ड्रॉप... द... बॅट्स... ताई! बॅट्समनला कसं ड्रॉप करेल? उचललेलं काय त्याला?”

“तुला कोणी सांगितलं, बॅट्समनला ड्रॉप केलं म्हणून?”

“लिहिलंय ना इथं!”

ती माझ्याकडे बघायला लागली, मग पट्टीकडे, मग परत माझ्याकडे. हे वाक्य तिच्या काकांनी कधी म्हटलेलं नव्हतं, तिनेही नव्हतं. जगात कोणीच म्हटलेलं नव्हतं. तरी ते तिला कळलं होतं.

“अजून लावा,” ती म्हणाली.

मग काय, ऊत आला. अंपायर बाउंड्रीकडे पळाला, बॉलने बॉलरला पकडलं. पट्ट्या कमी पडायला लागल्या तशी ती मागण्या करायला लागली. ताई, बकरी लिहून द्या. ताई, काका लिहून द्या, त्यांना आऊट करायचंय. बाथरूमला जायचं ती विसरली, मीही आठवण केली नाही.

खरा त्रास झाला दुसरीच्या पुस्तकाचा. त्यात क्रिकेट नव्हतं. कोंबडी होती.

“ह्या कोंबडीला काय काम नाय काय, ताई? नुसती जाते नि येते.”

“तू वाच. कामाचं नंतर बघू.”

सोमवारी आम्ही मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. मॅडमनी मधलंच पान उघडलं. कोंबडी होतीच, शिवाय तळं आणि एक दगड. कृतिकाने वेणी मागे टाकली आणि सुरू केलं. एकेक शब्द, पाय टेकत टेकत. दोन ओळी गेल्या. तिसऱ्या ओळीत ती एका लांब शब्दापाशी थांबली. आता ही दाराकडे बघणार, असं वाटलं.

तिने दाराकडे पाहिलं नाही. पुस्तकावरची नजर न काढता ती बोलू लागली. “तर मंडळी, खेळ थोडा थांबलाय. बॉल गटारात गेलाय, शोधाशोध चालू हाय, प्रेक्षकांनी शांतता राखावी...” आणि बोट त्या शब्दावर सरकत होतं, तुकड्यातुकड्याने. “बि... बिहा... बिहाइंड! कॉट बिहाइंडमधलं बिहाइंड! बिहाइंड द स्टोन!”

मॅडमनी चष्मा काढला. “ही माझ्याशी बोलते आहे का, वैशाली?”

“प्रेक्षकांशी, मॅडम.”

मॅडमनी रुमाल तोंडाला लावला. रुमालामागे त्या बराच वेळ खोकल्या. उरलेल्या पानात खेळ आणखी दोनदा थांबला, एकदा तर चहापानच झालं. पण शेवटचा पूर्णविराम आला तेव्हा कृतिका तिथेच, खुर्चीसमोर उभी होती.

“वेळ फार लागला,” मॅडम म्हणाल्या. “पण वाचलं. आठवीतच बस. ताईंकडे मात्र रोज जायचं, सुट्टी नाही.”

“हो, मॅडम.” आणि बाहेर आल्याबरोबर तिने माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की दोन दिवस निळं राहिलं. माझी तक्रार नाही.

जिन्याकडे जायची वाट दुसरीच्या वर्गावरून. बाई अजून वर्गावर आल्या नव्हत्या, दारात नयन उभा होता. त्याला कोणी सांगितलं कोण जाणे, आम्ही तर काही बोललो नव्हतो. पण त्याला सगळं माहीत होतं. आत त्याच्या बाकाची निम्मी बाजू रुमालाने पुसून चकचकीत केली होती, वर जागा राखायला कंपासपेटी.

“दीदी, इकडं! मी क्षिप्राला पाठी बसवली.”

“अरे, मी पास झाले.”

“म्हंजे?”

“म्हंजे नाय यायचं मला इकडं.”

नयनचा खालचा ओठ बाहेर आला. “पण मी सगळ्यांना सांगितलं ना, माझी दीदी येणार म्हणून.”

मागच्या बाकावरून क्षिप्रा म्हणाली, “मग मी परत येऊ का पुढं?”

“थांब गं!” नयन म्हणाला.

कृतिकाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवर रंगवलेल्या हत्तीकडे पाहिलं.

“ताई, वर आता कुठला तास?”

“मराठीचा. हजेरी चालली असेल अजून.”

तिने जिन्याकडे एक नजर टाकली, वरून कोणी बघत नाही ना याची. मग कंपासपेटी उचलून आत शिरली. गुडघे बाकाखाली मावेनात, तेव्हा पाय बाहेर काढून आडवी बसली. सगळी दुसरी तिच्याकडे बघत होती. नयनने घाईघाईने पुस्तक दोघांच्या मध्ये सरकवलं.

“हळू वाच,” तो म्हणाला. “मी बोट ठेवतो.”