एकटीला झेपेल असं कव्हर

मंगळवारी जुन्या ताडपत्रीनं ऐनवेळी दगा दिला आणि बायंडिंगच्या कारखान्यातून निघालेले पुस्तकांचे सहा गठ्ठे दुकानात पोचेपर्यंत ओलेचिंब झाले. म्हणून शनिवारी सकाळी नवरा-बायको पिकअपच्या हौद्याला नवं कव्हर बघायला निघाले. गाडी ती चालवत होती. तो शेजारी बसला होता, कान इंजिनाकडे लावून.

बावीस वर्षं ही गाडी त्याच्या हातात होती. मग काचबिंदूनं आधी डावा डोळा नेला, पाठोपाठ उजवा. घर चालायचं तर गाडी थांबून चालणार नव्हतं. त्यानंच तिला मोकळ्या मैदानात नेऊन, नुसत्या आवाजावरून गिअर टाकायला शिकवलं. तेव्हापासून प्रत्येक फेरीला तो सोबत असायचाच. "क्लचवर पाय ठेवून बसू नकोस, रडतेय बघ ती," असं त्याचं अखंड चालू. कधीकधी तिचं डोकं उठायचं.

गेल्या महिन्यात कारखान्याच्या आवारात तो दोर आवळायला म्हणून खाली उतरला आणि रिव्हर्समध्ये येणाऱ्या फोर्कलिफ्टच्या वाटेत गेला. हातभर अंतरावर ती थांबली. मॅनेजरनं बायकोला बाजूला घेतलं. "ताई, यांना आता फाटकाच्या आत आणू नका. काही बरंवाईट झालं तर?"

हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. "आत फार गर्दी आहे" म्हणून ती त्याला फाटकाबाहेरच्या बाकावर बसवून जायची. मंगळवारी गठ्ठ्यांसारखाच तोही तिथं भिजला. त्याच दिवशी तिनं मनाशी ठरवलं, आता पुरे. बोलायचं मात्र रोज उद्यावर जात होतं.

कव्हरवाल्याच्या दुकानात रेक्झिनचा उग्र वास कोंडला होता. दुकानदारानं शिलाई मशीन थांबवून दोन नमुने टेबलावर टाकले. एक जाड कॅनव्हास, चारही बाजूंनी हुकाला बांधायचं. दुसरं पातळ, आडव्या पट्ट्यांवर ताणलेलं, मागून केबिनकडे गुंडाळत नेता येणारं.

नवऱ्यानं कॅनव्हास चुरगाळून पाहिलं, हुंगलं, शिवणीवरून नख फिरवलं. "इथं टाका सुटलाय."

दुकानदार वाकला. "कमाल आहे! माझ्या चष्म्याला दिसलं नाही ते तुमच्या नखाला दिसलं, भाऊ."

नवरा खुलला. कित्येक दिवसांत तिनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. "टाका घालून द्या, हेच घेऊ. एका बाजूनं मी ओढेन, दुसऱ्या बाजूनं ही."

"दोन माणसं लागतातच याला. तुम्ही कायम बरोबर असता ना?"

हो म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण तिच्या तोंडून निघून गेलं, "नाही. मी एकटीच असेन. सोमवारपासून."

दुकानदारानं उगाच कात्री उचलून परत खाली ठेवली.

"कोण म्हणालं?" नवऱ्यानं विचारलं.

"मॅनेजर. महिना झाला."

"आणि तू?"

"मलाही भीती वाटते हो. गाडी मागे घेताना आरशात माल बघायचा सोडून तुम्ही कुठं आहात ते शोधत बसते मी."

त्यानं कॅनव्हासची टोकं जुळवली, नीट घडी घातली आणि हातानं चाचपडत टेबलाच्या कडेला सारली. "मग हे कामाचं नाही. ते गुंडाळायचं दाखवा. एकटीला झेपेल असं."

नंतर त्यानं काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. कव्हर बसवल्यावर तिला तीनदा उघडायला, तीनदा मिटायला लावलं. वारा कुठून शिरेल ते तळहात लावून पाहिलं, एक पट्टी घट्ट करून घेतली. परतताना तिसरा गिअर टाकताना करकरला. तो काही बोलेल म्हणून ती वाट बघत राहिली. त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं होतं.

सोमवारी ती एकटी गेली. दुपारी पाऊस आला. गाडी कडेला घेऊन तिनं कव्हर ओढलं, अर्ध्या मिनिटात काम झालं, आणि गठ्ठे कोरडे ठणठणीत पोचले. हे त्याला कधी एकदा सांगते असं तिला झालं होतं.

संध्याकाळी दार उघडलं तर घरात अंधार. दिव्याशी त्याला काय देणंघेणं? तिनं बटण दाबलं. तो सकाळच्याच खुर्चीत बसला होता, आणि झाकून ठेवलेलं जेवण तसंच होतं.

"एक थेंब आत गेला नाही," ती म्हणाली.

"चांगलं झालं."

इंजिन तापलं का, रस्ता कसा होता, काहीतरी तो विचारेल म्हणून ती चप्पल न काढता उभी राहिली. त्यानं खुर्चीच्या हातावर बोटं फिरवली.

"उद्या किती वाजता निघायचंय तुला?"

"सातला," ती म्हणाली, आणि त्याचं ताट गरम करायला आत गेली.