फुकटच्या यादीत सातवा नंबर

डोना फेलिस्मिनाचं डोकं फिरलं ते 'फुकट' या शब्दावर. बाकीचं सगळं तिने एक वेळ गिळलं असतं.

शेजारच्या डिओलिंदाने फोन नाकाला लावून तिला ते वाचून दाखवलं होतं. लॅपटॉपवर काम करत गावोगाव हिंडणाऱ्या लोकांसाठी कोणीतरी यादी केली होती, एव्होरा या पोर्तुगीज गावात खिशात हात न घालता काय काय बघता येईल याची. पहिल्या नंबरला रोमन देवळाचे खांब, मग पाण्याच्या जुन्या कमानी, मग बाग आणि बागेतले मोर. आणि सातव्या नंबरला, मोरांच्या खालोखाल, त्यांच्या गल्लीतलं दुःखी मातेचं एका खोलीचं चर्च, चॅपेल. 'माणसांच्या हाडांनी मढवलेल्या चॅपेलला तिकीट पडतं, इथे सगळं फुकट. समोरच्या नऊ नंबरच्या घराचं दार वाजवा. एक म्हातारी किल्ली घेऊन येते. हसून बोललात तर सुकं अंजीरही देते.'

"म्हातारी," फेलिस्मिना म्हणाली. "नाव नाही, गाव नाही. आणि अंजीर काय यांच्या बापाने वाळवून ठेवलेत माझ्या घरात?"

"थांब, खाली लोकांनी शेरे मारलेत. हा ऐक. 'चॅपेल छान, पण म्हातारी दार उघडायला फार वेळ लावते. तीन तारे.'"

"कसले तारे?"

"पाचातले तीन. तुला दिलेत."

एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात फेलिस्मिनाला कोणी मार्क दिले नव्हते. शाळा तिने चौथीतच सोडली होती. तिने डिओलिंदाच्या हातातला फोन उलटा करून टेबलावर आपटला, आणि फोन डिओलिंदाचा असल्यामुळे दोघींचं तिथेच थोडं वाजलं.

आता ही किल्ली म्हणजे काय, ते बाहेरच्याला कसं कळावं? ती आधी फेलिस्मिनाच्या आईकडे होती, आई गेल्यावर हिच्याकडे आली. किल्ली सांभाळणारीला पगार नाही, मान मात्र आहे. आईचा नियम एकच होता. दार वाजवणाऱ्याला का आलास म्हणून विचारायचं नाही, उघडायचं. परीक्षेला निघालेली पोरं यायची, नवऱ्याने टाकलेल्या बायका यायच्या, एकदा एक पोलीस येऊन तासभर ढसाढसा रडून गेला होता. फेलिस्मिनाने कोणाला परत पाठवलं नाही आणि कोणाचं कोणाला सांगितलं नाही. गुडघा फारच ठणकत असला तर ती किल्लीच हातात द्यायची. "झालं की खालच्या खिडकीत ठेव," एवढंच म्हणायची. गल्लीत हे असंच चालत आलेलं.

यादी आली आणि दिवसाला पंधरा-पंधरा वेळा दार वाजायला लागलं. ही तरणीताठी माणसं यायची, छताचे फोटो काढायची, गार लाद्यांवर फतकल मारून बसायची आणि जाताना तिच्याकडे वायफायचा पासवर्ड मागायची. मेणबत्ती लावायचं कोणाच्या मनातही यायचं नाही. फेलिस्मिना दातओठ खायची आणि उघडायची. नियम म्हणजे नियम.

त्यांतला एकच तिला जरा बरा वाटला. योरिस नावाचा डच मुलगा, उंच, पाठीत वाकलेला, वरच्या गल्लीतल्या घरात आणखी तिघांबरोबर भाड्याने राहणारा. एकदा तो चॅपेलच्या मागच्या बाकावर लॅपटॉप उघडून कोणाशी तरी आकड्यांवर तावातावाने बोलताना सापडला. तिने त्याला असा झापला की तो कानापर्यंत लाल झाला. दुसऱ्या दिवशी पिशवीभर संत्री घेऊन दारात उभा. फोनवरून शिकलेलं पोर्तुगीज तो बोलायचा, त्यात 'तू' होतं आणि 'तुम्ही' नव्हतं.

"फेलिस्मिना, तू रागावू नको. मी मूर्ख."

"एवढं तरी कळतंय," ती म्हणाली आणि तिने त्याला अंजीर दिलं. त्यानंतर गुडघा दुखला की ती त्याच्याही हातात किल्ली द्यायला लागली. तो ती न चुकता खिडकीत आणून ठेवायचा. एकदा तेवढी किल्ली दोन तास परत आली नाही. फेलिस्मिनाला वाटलं, पोरगं प्रार्थना करत असेल. मनातून तिला बरंही वाटलं.

मग मिरवणुकीचा आठवडा आला. रविवारी मोठ्या चौकात आईची आणि लेकाची भेट होते. क्रूस खांद्यावर घेतलेला लेक तिकडच्या चर्चमधून निघतो, दुःखी माता इकडच्या गल्लीतून निघते, आणि दोन्ही मूर्ती समोरासमोर आल्या की भल्याभल्यांना हुंदका आवरत नाही. त्याआधीच्या शुक्रवारी मातेचे कपडे बदलतात. ते काम गल्लीतल्या बायकांचं, दार आतून बंद करून. पुरुषाने तिथे यायचं नाही. पाद्री झाला तरी नाही.

कारण ती मूर्ती कपड्यांतच पूर्ण होते. चेहरा आणि हात असे कोरलेले की बघत राहावं, आणि कमरेखाली नुसत्या लाकडी पट्ट्या, कोंबड्यांच्या खुराड्यासारख्या. डोक्यावरचे केस खरे, डिओलिंदाने अठराव्या वर्षी नवस फेडताना कापून दिलेले. ते काढले की खाली गुळगुळीत लाकूड. वर्षातून एकदा मातेला तसं बघणं म्हणजे आजारी आईला अंघोळ घालण्यासारखं होतं. बायका त्या वेळी हळू आवाजात बोलायच्या आणि एकमेकींच्या नजरा टाळायच्या.

त्या शुक्रवारी फेलिस्मिनाने आतून किल्ली फिरवून खिशात टाकली. मातेचा काळा झगा उतरवला, परकर उतरवला, केस उतरवून डिओलिंदाच्या हातात दिले. डिओलिंदा ते विंचरत होती. फेलिस्मिना ओल्या फडक्याने मातेचा चेहरा पुसत होती. आणि कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. किल्ली तर फेलिस्मिनाच्या खिशात होती.

दार उघडलं. पुढे योरिस, मागे त्याच्या घरातले तिघे. त्यातल्या एका मुलीने फोन वर धरलेलाच होता.

"ओ," योरिस म्हणाला. "तू आत आहेस?"

"बाहेर हो." फेलिस्मिनाचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "किल्ली कुठून आणलीस?"

"मी बनवली. चार. तुझा गुडघा दुखतो ना? तू नको त्रास, म्हणून आम्ही स्वतः उघडतो." तो खरोखर हसत होता. तिला आवडेल असंच त्याला वाटलं होतं, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

डिओलिंदाने झगा मूर्तीवर फेकला, पण तोवर फोन दोनदा चमकला होता. फेलिस्मिनाने हातातलं ओलं फडकं योरिसच्या तोंडावर हाणलं. मग बादली उचलली. चौघं पळाले, मागे गल्लीत पाणी, आणि पाण्यामागे एकाहत्तर वर्षांत तोंडातून न निघालेल्या शिव्या.

शनिवारी सकाळी फोटो यादीखाली होता. टकलं डोकं, लाकडी पट्ट्या, सगळं. खाली लिहिलं होतं, 'खरी गंमत कपड्यांखाली आहे. हेही फुकट.'

"तूच दिलीस ना त्याच्या हातात किल्ली?" डिओलिंदा म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "संत्री आणली म्हणून?"

चूक आपली असली की फेलिस्मिनाचा राग दुप्पट व्हायचा.

अकरा वाजता चॅपेलच्या मंडळाचे चिटणीस सेन्योर अबिलिओ कुलूपवाल्याला घेऊनच आले. योरिसने तीन किल्ल्या मंडळात आणून दिल्या होत्या. चौथी ज्याच्याकडे होती तो पोर्तो शहराला निघून गेला होता. कुलूप बदललं गेलं. दोन नव्या किल्ल्या अबिलिओंनी आपल्या कोटाच्या खिशात टाकल्या.

"डोना फेलिस्मिना, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही आता थकलात. यापुढे दहा ते पाच आमची एक मुलगी बसेल. तिकीट ठेवू, म्हणजे असली माणसं येणार नाहीत. तुम्हाला मातेला कपडे घालायचे असतील तेव्हा ती उघडून देईल."

"मला उघडून देईल?"

"हो, विचारायचाच अवकाश."

"मग तिलाच सांगा कपडे घालायला," फेलिस्मिना म्हणाली. घरात गेली आणि तिने कडी लावली.

अबिलिओ डिओलिंदाकडे गेले. डिओलिंदा फेलिस्मिनाशी बोलत नव्हती, पण ती म्हणाली, "ती नाही तर मी नाही." गल्लीतल्या आणखी चार घरांतून त्यांना हेच ऐकायला मिळालं. शुक्रवारचं काम अर्धंच राहिलेलं, केस डिओलिंदाच्या कपाटात, मिरवणुकीचा झगा फेलिस्मिनाच्या, आणि माता परकराशिवाय एका चादरीखाली. फेलिस्मिना दिवसभर खिडकीत बसून राहिली. तिला एकच गोष्ट दिसत होती, उद्या चौकात लेक येऊन उभा राहील आणि आई येणार नाही. तरी ती उठली नाही.

रविवारी सकाळी नऊला तिचं दार वाजलं. तिने कॉफी संपवली, कप विसळला, पालथा घातला, मग उघडलं. अबिलिओ घामाघूम झाले होते.

"चारला मिरवणूक आहे हो."

"माहीत आहे. दोन्ही किल्ल्या."

त्यांनी दोन्ही दिल्या.

"आणि तिकीट नाही, मुलगी नाही," ती म्हणाली. "प्रार्थनेला उघडीन, मिरवणुकीला उघडीन. बाकी कोणी आलं तर दार बंद."

"पण तुमच्या आईचा नियम..."

"आईच्या वेळी याद्या नव्हत्या, सेन्योर अबिलिओ."

चार वाजता माता गल्लीतून निघाली. झग्याची एक सुरकुती इकडची तिकडे नव्हती. चौकात भेट झाली, लोक रडले. फेलिस्मिनाही रडली, पण तिच्या मुठीत कोटाच्या आत दोन्ही किल्ल्या होत्या आणि त्या सोडाव्यात असं तिला क्षणभरही वाटलं नाही.

त्यानंतरचे तीन दिवस तिला फार बरे गेले. दार वाजायचं, ती खिडकीतूनच "बंद" म्हणायची. कोणी फोन दाखवून म्हणायचं, यादीत तर लिहिलंय. "मग यादीलाच उघडायला सांगा," ती म्हणायची आणि खिडकी लावून घ्यायची. योरिस एकदा संत्री घेऊन आला. तिने त्याच्यासाठी खिडकीसुद्धा उघडली नाही.

बुधवारी दुपारी पुन्हा दार वाजलं. खाली तिशीची एक बाई, खांद्याला लॅपटॉपची काळी बॅग.

"चॅपेल उघडाल का? दोनच मिनिटं." बोलण्यात ब्राझीलचा हेल होता.

"बंद आहे."

"कधी उघडेल?"

"तुमच्यासाठी नाही उघडणार. बागेत मोर आहेत, ते बघा जा. तेही फुकटच आहेत."

बाई समोर गेली, चॅपेलच्या बंद दारावर तिने दोन्ही तळहात टेकवले, मग कपाळ टेकवलं. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग बॅग सावरून घाईघाईने उताराने निघून गेली. फेलिस्मिना खिडकीतून बघत होती. यादीवाल्यांपैकी कोणी असं केलेलं तिने पाहिलं नव्हतं.

पाच मिनिटांनी डिओलिंदा वर आली. रविवारपासून दोघी पुन्हा बोलत होत्या.

"आली होती का गं ती? इव्होनेति?"

"कोण इव्होनेति?"

"वरच्या गल्लीत त्या लॅपटॉपवाल्यांकडे साफसफाई करते ती. त्यांचीच जुनी बॅग घेऊन फिरते बिचारी. तिच्या पोराचं आज हृदयाचं ऑपरेशन आहे, तीनला आत घेणार. रस्त्यात रडत होती. मीच म्हटलं, नऊ नंबरचं दार वाजव. फेलिस्मिना कोणाला परत पाठवत नाही."

फेलिस्मिना उठली. खिळ्यावरची किल्ली घेतली, जिना एका हाताने कठड्याला धरत उतरली, गुडघ्याला शिव्या देत, योरिसला देत, अबिलिओंना देत. उताराच्या टोकापर्यंत गल्ली रिकामी होती. घड्याळात तीन वाजून गेले होते. तिने चॅपेल सताड उघडलं, दाराला खुर्ची लावली आणि आत मातेसमोर मेणबत्ती लावायला गेली. काडी तीनदा विझली. शिव्या अजून तोंडात होत्या, पण आता त्या घ्यायला तिच्याशिवाय तिथे कोणी नव्हतं. पोराचं नाव काय, हेही तिने त्या बाईला विचारलं नव्हतं.