दुपारचं पाणी

टप्.

भर दुपारी निजलेल्या घरात मोरीतल्या नळाचा थेंब स्टीलच्या पातेल्यात पडला. वहीत सकाळचे आकडे उतरवत बसलेली रेश्मा नळ घट्ट करायला उठली. फिरवताना धार सुटली; तिला बोट लागलं मात्र, तिनं हात मागं घेतला. पाणी चांगलंच तापलं होतं.

खर्डा गावाच्या अलीकडची ही वस्ती. विहिरीला फ्लोराइड, त्यामुळं निम्म्या पोरांचे दात पिवळट, डागाळलेले. आपल्या दिशाचे पक्के दात तरी असे येऊ नयेत म्हणून एम.एस्सी. झालेल्या रेश्मानं एका संशोधन संस्थेची नोकरी धरली आणि पाण्यातलं फ्लोराइड काढायच्या प्रयोगाची टाकी घरी मागून घेतली. शेजारच्या अंगणवाडीलाही तिथूनच नळी होती. चोवीस लेकरांच्या आयांना ती घरोघर जाऊन सांगून आली होती, "माझी दिशा पिते, तुमचीही पिऊ द्या."

टाकीत साबुदाण्याहून बारीक, जेलीसारखे मणी होते. त्यांच्या पोटात लोखंडाची काळी भुकटी, म्हणून चुंबक दिसलं की तिकडं धावणारे. गार पाण्यात ते फुगत आणि फ्लोराइड धरून ठेवत. टाकीला बाहेरून लावलेलं चुंबक त्यांना तळाशी एका कडेला डांबून ठेवी, आणि वरचं पाणी नळाला येई. शनिवारी मण्यांची ती काळी खळ काढून रेश्मा कोमट पाण्यात धुवायची. ऊब लागली की मणी आकसत, गिळलेलं सगळं ओकून टाकत, आणि पुन्हा वापरायला मोकळे होत.

ऊब लागली की.

माघात टाकी लिंबाच्या सावलीत होती. पण पाण्याला जोर नव्हता. म्हणून तिच्या दिरानं, कानिफनाथनं, पंधरा दिवसांमागं ती स्लॅबवर चढवली. काळी टाकी आणि चैताचं ऊन. रेश्मानं त्या दिवशी भावजींना कौतुकानं शिरा करून घातला होता. पाणी ती रोज तपासायची, पण सकाळी सातला, संस्थेनं नेमून दिलेल्या वेळी. दुपारी कधीच नाही.

तिनं काचेच्या नळीत पाणी घेऊन लाल औषधाचे थेंब सोडले. लाल राहिलं तर पाणी चांगलं, पिवळं झालं तर फ्लोराइड. तिच्या डोळ्यांदेखत लाली उतरत गेली आणि नळीत पिवळं धमक पाणी उरलं.

संस्थेतल्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, सकाळचे आकडे उत्तम आहेत, बाकी सोमवारी बघू, तोवर गावात बोभाटा नको. तिनं फोन ठेवला आणि जिन्याखालचा व्हॉल्व्ह आवळून बंद केला.

आवाजानं सासूबाई, मालनबाई, जाग्या झाल्या. "बंद कशापायी करती गं? खिचडी खाऊन उठली असतील लेकरं, पानी लागंल त्यांला."

"ते प्यायचं नाही, आत्या."

"आँ? तूच तर पाजलंस की."

रेश्मानं चपला घातल्या. आधी अंगणवाडी, मग एकेक घर. सोमवारची वाट बघायची नाही. तोच अंगणवाडीतून दिशा पळत आली आणि आईच्या पायांना बिलगली. वरच्या ओठावर पाण्याचे थेंब, हसताना पुढचा हलणारा दात तिरका झालेला. रेश्मा खाली बसली, पदरानं तिचं तोंड हळूहळू पुसत राहिली.

दिशाची नजर ओट्यावरच्या काचेच्या नळीवर गेली.

"हे आपलं पानी?"

"हो गं बाळा."

"मग काल पन असंच पिवळं हुतं का, आई?"